क्षयाला औषधं चार का?

क्षयाच्या रुग्णाला सुरुवातीला एक नाही, चार औषधं एकदम का देतात? याचं उत्तर थेट डार्विनच्या सिद्धांतात सापडतं.

ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण आधी भराभर सुधारले, पण काही महिन्यांत अनेकांच्या थुंकीतले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. जंतूंना औषधाची सवय होते, असं आपण सर्रास म्हणतो. तसं नसतं. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं, की जिवाणूंमधले असे बदल हल्ला होण्याआधीच, आपोआप घडलेले असतात. औषध फक्त निवड करतं. बाकीचे मरतात, नेमके बदललेले तेवढेच उरतात, आणि वाढतात.

आता हिशेब बघा. फुफ्फुसातल्या जखमेत जंतू कोट्यवधी. चार औषधांपैकी आयसोनियाझिडला न जुमानणारा साधारण १० लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक. दोन्हींना पुरून उरणारा? गुणाकार करा: एकावर चौदा शून्यं, इतक्यांत एक! एवढे जंतू एका शरीरात सहसा नसतातच.

पण पित्त होतं म्हणून एखादंच औषध वगळलं, की हा गुणाकार मोडतो. आपल्याकडे आता ही औषधं एकाच गोळीत मिसळून देतात, हे फार बरं झालं. त्यातलं नको ते वेगळं काढायची सोयच राहिली नाही.