कॅमेरा घेण्यापूर्वीं

सोलापुरांतील भवानी पेठेच्या गल्ल्यांतून सकाळीं जाणाऱ्याच्या कानांवर प्रथम पडतो तो मागांचा खटखटाट. खालीं चादरींचे किंवा टॉवेलांचे माग आणि वर बिऱ्हाड, अशा घरांपैकीं एका घराची श्रोत्यांनीं कल्पना करावी. घरांत आईवडील, कॉलेजांत जाणारी मुलगी, नुकताच नोकरीस लागलेला मुलगा आणि ऐंशी ओलांडलेली आजी. आजीनें तरुणपणीं हातमागावर लुगडीं विणलीं. पुढें विजेचे माग आले आणि हातमाग बंद पडला. परंतु तो कोणीं मोडला नाहीं. मागच्या खोलींत तो अजून उभा आहे. सणावारीं आजी त्यावर बसते, धोटा फेकते, आणि काठाची नक्षी किती सुतांनीं वळवावयाची याची गणती तेलुगू बोलींत पुटपुटते. ती गणती कोठेंही लिहिलेली नाहीं. आजीच्या बोटांत आणि आजीच्या जिभेवर, एवढींच तिचीं दोन ठिकाणें.

या घरानें यंदा एक चांगला कॅमेरा घेण्याचें ठरविलें. पैसे एकाच यंत्रापुरते, पण मतें दोन. मुलीच्या मनांत २०१९ सालीं निघालेला सोनी आल्फा ६४०० भरला. मुलाच्या मनांत २०२० सालचा ऑलिंपस ई-एम१० मार्क ४. दोघांनींही गुणांचीं कोष्टकें मांडलीं. कोष्टकें वाढत गेलीं, तीन महिने लोटले, आणि निकाल लागेना. असा वाद आज पुष्कळ सुशिक्षित घरांतून चालतो. म्हणून तो कसा सोडवावा हें पाहणें उपयोगाचें होईल.

हीं दोन्ही यंत्रें मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, जातीचीं आहेत. रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आपटून वरच्या खिडकींत जातो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो आणि मगच प्रकाश सेन्सरवर पोंचतो. मिररलेस यंत्रांत सेन्सरवर पडलेलें चित्रच लहानशा पडद्यावर दिसतें. आरसा गेला, त्याची जागा वाचली, आणि कॅमेरा लहान झाला. ऑलिंपस व पॅनासोनिक या जपानी कंपन्यांनीं २००८ सालीं मायक्रो फोर थर्ड्‌स ही पद्धति जाहीर केली. सोनीनें २०१० सालीं आपली निराळी मालिका काढली. भावाबहिणींचा वाद या दोन घराण्यांमधला आहे.

प्रथम ज्या गोष्टींवर भांडूं नये त्या बाजूला काढाव्या. सोनीचें वजन बॅटरीसह ४०३ ग्रॅम आणि ऑलिंपसचें ३८३ ग्रॅम. हा वीस ग्रॅमांचा फरक म्हणजे चार चमचे साखर. सोनी २४ मेगापिक्सेलांचें चित्र काढतो, ऑलिंपस २० मेगापिक्सेलांचें. भिंतीवर लावावयाच्या बारा इंची चित्राला दोन्ही पुरून उरतात. कोष्टकांत हे आंकडे ठळक दिसतात, परंतु संसारांत त्यांचें फारसें कांहीं अडत नाहीं.

खरा पहिला भेद सेन्सरच्या आकाराचा. सोनीचा सेन्सर सुमारे २३.५ मि. मी. लांब व १५.६ मि. मी. रुंद आहे, ऑलिंपसचा १७.३ मि. मी. लांब व १३ मि. मी. रुंद. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिला दुसऱ्याच्या दीडपटीहून थोडा मोठा भरतो. अंगणांत ठेवलेलें मोठें पातेलें पावसाचें अधिक पाणी धरतें, तसा मोठा सेन्सर अधिक प्रकाश धरतो. मंद उजेडांत त्याचें चित्र कमी रवाळ येतें. मात्र हा फरक बेताचा आहे. अंधाराचा दिवस करण्याची शक्ति दोहोंतही नाहीं.

दुसरा भेद स्थिरतेचा, आणि येथें ऑलिंपसची बाजू बळकट आहे. त्याच्या पोटांतला सेन्सरच हाताच्या कंपाच्या उलट दिशेनें हलतो व कंप खाऊन टाकतो. कोणतेंही भिंग लावा, ही सोय कायम. सोनी ६४०० च्या शरीरांत ती नाहीं. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या १६ ते ५० मि. मी. च्या भिंगांत आहे, पण प्रत्येक भिंगांत असेलच असें नाहीं. भुईकोट किल्ल्याचा बुरूज, सिद्धेश्वराच्या तळ्यांतील संध्याकाळचें प्रतिबिंब, खिडकीशीं शांत बसलेली आजी, अशीं चित्रें ऑलिंपस तिवईवांचून, अगदीं सावकाश कळेवरही, स्वच्छ काढील.

येथेंच पुष्कळ ग्राहक फसतात. ही स्थिरता काढणाऱ्याच्या हाताला मिळते. समोरच्या वस्तूला मिळत नाहीं. आजीचा चेहरा स्थिर येईल, पण तिनें फेकलेला धोटा आणि फणी ओढणारा हात पुसटच येणार. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात. ते पेलून चालणाऱ्यांची पावलें कॅमेऱ्यासाठीं थांबत नाहींत. हलत्या वस्तूला कळच जलद लागते. जलद कळेला उजेड अधिक लागतो, आणि तो उजेड मोठ्या सेन्सरपेक्षांही मोठ्या तोंडाच्या भिंगानें अधिक मिळतो. दोन्ही घराण्यांत १.८ छिद्राचीं साधीं, हलकीं भिंगें आहेत. बरोबर मिळणाऱ्या झूम भिंगाचें छिद्र, कितीही उघडलें तरी, ३.५ वर थांबतें. १.८ चें भिंग त्याच्या जवळजवळ चौपट प्रकाश आंत घेतें. सेन्सरचा लाभ दीडपटीचा आणि भिंगाचा चौपटीचा. म्हणून सर्व पैसे कॅमेऱ्यावर उधळून भिंगासाठीं हात रिकामा ठेवणें हा तोट्याचा व्यवहार होय.

मागाच्या खोलींत आणखी एक अडचण आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना अखंड वाटला तरी आपल्याकडील विजेवर तो सेकंदाला १०० वेळां कमी-जास्त होतो. कळ फार जलद ठेवली तर चित्रांत काळे-पिवळे पट्टे उमटतात. अशा खोलींत एक-शतांश सेकंदाची कळ बहुधा साधते; हातमागाची संथ लय तेवढ्यांत बऱ्यापैकीं पकडतां येते.

तिसरा भेद नेम धरण्याचा. सोनीच्या सेन्सरवर अंतर मापणारे ४२५ बिंदू आहेत. माणूस जवळ आला, दूर गेला, तरी यंत्र त्याच्या डोळ्याचा पाठलाग सोडीत नाहीं. ऑलिंपस चित्राची स्पष्टता कमी-अधिक करून नेम शोधतो. स्थिर वस्तूवर तो अचूक आहे, परंतु धांवत्या मुलामागें त्याची धांदल उडते.

चौथा भेद कोष्टकाच्या तळाशीं बारीक अक्षरांत होता, आणि तोच या घरापुरता निर्णायक ठरला. सोनीला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याचें भोंक आहे. ऑलिंपसच्या या कॅमेऱ्याला तें नाहीं. शेजारीं विजेचे माग चालू असतांना कॅमेऱ्याच्या अंगच्या मायक्रोफोनला खटखटाट तेवढा ऐकूं येईल. आजीच्या पदराला लहान मायक्रोफोन लावला तरच तिची गणती ऐकूं येणार.

याचा अर्थ सोनी श्रेष्ठ आणि ऑलिंपस कनिष्ठ असा कोणीं करूं नये. याच पेठेंतील दुसऱ्या एखाद्या घराला नान्नजच्या माळावर काळवीट टिपण्याचा नाद असेल. तेथें पारडें फिरतें. ऑलिंपसचें ७५ ते ३०० मि. मी. चें भिंग ४२३ ग्रॅमांचें. सोनीचें ७० ते ३५० मि. मी. चें ६२५ ग्रॅमांचें. असें असून लहान सेन्सरमुळें दूरचें काळवीट ऑलिंपसमध्यें अधिक मोठें दिसतें. उलट अरुंद खोलींत सगळें कुटुंब एका चित्रांत बसवावयाचें तर सोनीचें साधें भिंग अधिक रुंद पाहतें. म्हणून ग्राहकानें यंत्रांचें कोष्टक करण्याआधीं आपल्या चित्रांचें कोष्टक करावें. येत्या वर्षांत जीं दहा चित्रें काढल्यावांचून राहवणार नाहीं तीं कागदावर लिहावीं, आणि प्रत्येकासमोर तीन प्रश्न मांडावे: वस्तु हलती आहे कीं स्थिर? उजेड किती? आवाज हवा कीं नको? दहांपैकीं अधिक उत्तरें ज्या यंत्राकडे झुकतील तें आपलें.

यानंतर दुकान. नवी पेठेंत जातांना आपलें मेमरी कार्ड बरोबर न्यावें, दोन्ही यंत्रें आपल्याच हातांत धरावीं, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत चित्रें काढावीं आणि तीं घरीं मोठ्या पडद्यावर पाहावीं. पावती पक्की घ्यावी. हमी भारतांत चालते काय आणि दुरुस्ती कोणत्या गांवीं होते, हें पैसे मोजण्यापूर्वीं विचारावें. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ च्या आरंभीं ओ. एम. डिजिटल सोल्यूशन्स या निराळ्या कंपनीकडे गेला. म्हणून त्या कॅमेऱ्याबाबत ही चौकशी विशेष अगत्याची. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यानें पांढऱ्या भिंतीचें चित्र काढून सेन्सरवर डाग नाहींत ना, हें पाहावें. आणि मागांच्या घरांत सुताची कुसळें हवेंत तरंगतात, तेव्हां भिंग बदलावयाचें तें वरच्या मजल्यावर, पंखा बंद करून आणि कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरून.

त्या घरांत अखेर दहा चित्रांची यादी झाली. सहा नांवांपुढें आजी होती. त्यांतील चार ठिकाणीं तिचा आवाज हवा होता. मुलानें यादी दोनदां वाचली आणि आपलें कोष्टक मिटून ठेवलें. "देवळांच्या चित्रांत मात्र माझेंच खरें होतें," तो म्हणाला. आणि बहिणीनें तें कबूल केलें.

तेव्हां वडिलांनीं खिशांतून आपला फोन काढला. भावंडें आंकडे जुळवीत असतां, मागच्या एका अमावास्येला खालचे माग बंद होते. त्या शांततेंत वडील हातमागापाशीं बसले होते, आणि फोन स्टुलावर टेकवून त्यांनीं आजीची सबंध गणती उतरून घेतली होती. चित्र अंधारलेलें होतें, कडा पुसट होत्या. पण प्रत्येक अंक स्पष्ट ऐकूं येत होता. "कॅमेरा चांगला तोच घ्या," ते म्हणाले, "पण तुमचा निकाल लागेपर्यंत आई थांबेल, हें कोणीं सांगितलें होतें?"

चांगलें यंत्र निवडण्यासाठीं तुलना करावी, आणि नीट करावी. परंतु तिला एक मुदत असावी. आणि ती मुदत ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्याकडे पाहून ठरवावी.