नाताळचा प्रवेशनिर्बंध कायदा

१८९६ च्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या ‘कुरलँड’ व ‘नादेरी’ या दोन आगबोटी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या डर्बन बंदरात आल्या. दोन्हींवर मिळून सुमारे आठशे हिंदी उतारू होते. मोहनदास गांधी आणि त्यांचे कुटुंब त्यांतच होते. मुंबईत प्लेगची साथ होती. तिच्या निमित्ताने या बोटी तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर रोखण्यात आल्या. निमित्त म्हणावयाचे कारण असे की, किनाऱ्यावर भरणाऱ्या गोऱ्या नागरिकांच्या सभांत रोगाची चर्चा थोडी आणि हिंदी लोकांना परत पाठविण्याची मागणी फार होती. १३ जानेवारी १८९७ रोजी उतारूंना उतरू देण्यात आले. धक्क्यावरील जमावाला वसाहतीचे सरकारी वकील हॅरी एस्कोम्ब यांनी विधिमंडळ लवकरच कायदा करील, असे आश्वासन देऊन पांगविले. त्याच दिवशी वाटेत गांधींवर हल्ला झाला.

आश्वासन त्याच वर्षी पाळले गेले. नव्या कायद्यात हिंदी माणसाचा उल्लेख शोधून सापडत नाही. त्यात एवढेच म्हटले होते की, ज्याला ठरावीक नमुन्याचा अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतः लिहिता येणार नाही, त्याला प्रवेश नाही. अर्ज तरी केवढा? नाव, गेल्या बारा महिन्यांतील वास्तव्य, व्यवसाय, जन्मस्थान. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीत चोपड्या लिहिणारा सुरतेचा व्यापारी या कसोटीने निरक्षर ठरला. त्याच वर्षीच्या दुकान-परवान्यांच्या कायद्याने तर हिशेबाच्या वह्याही इंग्रजीत ठेवण्याचे बंधन घातले आणि परवाना नाकारल्यास न्यायालयाचे दारही बंद केले.

अशी आडवळणाची भाषा का वापरावी लागली? राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने हिंदी प्रजेला समान वागणुकीचे वचन दिले होते. उघड वर्णभेदाचा कायदा लंडनमध्ये संमत होणे अवघड होते. १८९७ च्या उन्हाळ्यात वसाहतींच्या पंतप्रधानांची परिषद लंडनमध्ये भरली. तीत वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी वर्णाचे नाव घेऊन बंदी घालणे साम्राज्याच्या परंपरेला सोडून होईल असे सांगितले, आणि लगोलग नाताळचा मसुदा आदर्श म्हणून पुढे ठेवला. आक्षेप बंदीला नव्हता, तिच्या शब्दांना होता. न्यू साउथ वेल्सने १८९८ मध्ये व न्यूझीलंडने १८९९ मध्ये हा मार्ग उचलला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याने पुढची पायरी गाठली: अधिकाऱ्याने पन्नास शब्दांचा उतारा सांगावयाचा, आगंतुकाने तो लिहावयाचा, युरोपीय भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे. नको असलेला माणूस इंग्रजी जाणत असला, तर त्याला न येणारी भाषा निवडण्यास आडकाठी नव्हती. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

आता नाताळच्या कायद्यातील एक सवलत पाहावी. साऱ्या कायद्याचे मर्म तिच्यातच आहे. सरकारी व्यवस्थेखाली येणाऱ्या करारबद्ध हिंदी मजुरांना तो लागू नव्हता. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८६० पासून येणारे हे गिरमिटिये बहुतांशी निरक्षर होते. स्वतःच्या भाड्याने येणाऱ्या व्यापाऱ्याला अर्जाच्या लिपीपाशी अडविणाऱ्या त्याच डर्बन बंदरात मजुरांच्या बोटी १९११ पर्यंत लागत राहिल्या, आणि त्यांतून उतरणाऱ्या कोणालाही अर्ज लिहून दाखवावा लागला नाही.