ट्रॉलीच्या चाकातील हवा
(नभोवाणीवरील भाषण)



पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील ज्या घरांच्या अंगणात ट्रॅक्टर व त्याची ट्रॉली उभी असते, त्या घरांशी मला आज थोडे बोलावयाचे आहे. मी व्यवसायाने शाळामास्तर; यंत्रांचा धंदा माझा नव्हे. परंतु माझ्या धाकट्या भावाचा ट्रॅक्टर आहे, आणि त्याच्या ट्रॉलीने सुगीत भात, उन्हाळ्यात चिरे, एरवी शेणखत आणि आमच्या कपेलाच्या फेस्ताला मंडपाचे बांबू, असे सर्व काही वाहून झालेले आहे. या ट्रॉलीच्या चाकांसाठी त्याने एक लहानसा कॉम्प्रेसर विकत आणला, आणि त्यामुळेच आजचे हे बोलणे.

पूर्वी अशा यंत्राची गरज भासत नसे. डिचोलीच्या खनिजवाहू रस्त्यांवर टायरवाल्यांची दुकाने होती आणि पहाटेपासून ती उघडी असत. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा माझ्या माहितीतील तीन दुकानेही बंद पडली. आता गावातून हवेसाठी हमरस्त्यापर्यंत जावे लागते. आणि बसलेल्या चाकावर भरलेली ट्रॉली तेथवर नेणे म्हणजे टायरला मूठमाती देणेच होय.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरअखेर भाताच्या गोणी घालून ट्रॉली दोडामार्गाच्या रस्त्याने डिचोलीकडे चालली होती. मी सुटी असल्यामुळे बरोबर होतो. वाटेत उजव्या बाजूचे चाक दबलेले दिसले. मापून पाहता १५ पौंड हवा उरलेली. हवी होती ६०. आभाळ भरून आले होते. भावाने मोठ्या ऐटीने आपला नवा पंप काढला. बारा मिनिटे तो घरघरत राहिला, काटा ३५ वर आला, आणि पंप इतका तापला की आपोआप बंद पडला. पाऊस आला. ताडपत्री घालेपर्यंत वरच्या दोन थरांतील गोणी भिजल्या. शेवटी एका टिप्परवाल्याने गाडी थांबवून आपल्या ब्रेकच्या टाकीला नळी लावली आणि काही मिनिटांत चाक उभे केले. हवेच्या ब्रेकांच्या ट्रकांवर इंजिनाने चालणारा कॉम्प्रेसर असतोच. त्याच्या टाकीत शंभर पौंडांच्या आसपास दाब असतो. अडल्यावेळी हा मार्ग ध्यानात ठेवावा.

घरी आल्यावर भाऊ दुकानदाराला दोष देऊ लागला. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो, ही मास्तरांची खोड. ट्रॉलीच्या मध्यम टायरच्या पोटात अंदाजे ८० लिटर जागा असते. वातावरणाचा दाब १५ पौंडांहून थोडा कमी. म्हणजे १५ पौंडांवरून ६० पौंडांवर जायचे तर बाहेरची मोकळी हवा सुमारे २४० लिटर आत कोंबावी लागते. आमच्या पंपाने बारा मिनिटांत वीस पौंड वाढविले, म्हणजे सुमारे ११० लिटर. मिनिटाला नऊ लिटर. खोक्यावर मात्र ३५ लिटर छापलेले होते! यात लबाडी म्हणावी तर तीही नाही. तो आकडा नळीच्या तोंडाला काहीही अडथळा नसतानाचा असतो; समोर दाब वाढू लागला की पंपाचा हात आखडतो. मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम ३० लिटर जागा, त्यात २५ चे ३३ पौंड करायला सोळा लिटर हवा लागते; तेथे हाच पंप दोन मिनिटांच्या आत काम उरकतो. तेव्हा दोष पंपाचा नव्हता. बैलाचे ओझे आम्ही शेळीवर लादले होते.

म्हणून पंप घेताना तो जास्तीत जास्त किती पौंडांपर्यंत जातो, एवढेच विचारून परत फिरू नये. दीडशे पौंड तर खेळण्यासारख्या पंपावरही लिहिलेले असतात. तुमच्या टायरला जो दाब लागतो त्या दाबावर मिनिटाला किती लिटर हवा देतो, आणि विसावा न घेता किती मिनिटे चालतो, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि आपल्या टायरला किती दाब लागतो हे शेजाऱ्याला न विचारता टायरच्या बाजूवर वाचावे. ट्रॅक्टरचे मागचे अवाढव्य चाक पाहून पुष्कळांना वाटते की त्याला हवा जास्त. वस्तुतः त्याला बहुधा वीस पौंडांच्या आतच हवा पुरते, आणि ट्रॉलीच्या ठेंगण्या चाकाला त्याच्या कित्येक पट दाब लागतो. एक किलो म्हणजे १४.२ पौंड आणि एक बार म्हणजे १४.५ पौंड, हे मापकावरील कोष्टकही पाठ असलेले बरे.

विजेची बाजू पाहू. गाडीतल्या लहान सॉकेटचा फ्यूज साधारणतः १० ते १५ अँपिअरचा. बारा व्होल्टने गुणले तर १२० ते १८० वॅट. एवढ्या शक्तीवर ट्रॉलीचे चाक भरण्याची आशा करू नये. दोन सिलिंडरांचा मोठा पंप ३० अँपिअर आणि त्याहूनही अधिक घेतो. तो चिमट्यांनी थेट बॅटरीलाच जोडावा आणि इंजिन चालू ठेवावे. ट्रॉलीचे चाक बॅटरीपासून लांब पडते म्हणून भावाने वायर लांबविण्याचे ठरविले होते. मी त्याला अडविले. लांब व बारीक वायरीत व्होल्टेज गळते, मोटर मंदावते आणि तापते. वायर आखूड ठेवावी, हवेची नळी लांब घ्यावी.

पंप तापतो का, हे मी वर्गात सायकलच्या पंपाने दाखवितो. भोकावर अंगठा ठेवून दट्ट्या चार वेळा दाबला की नळकांडे गरम लागते. मुले चटकन हात मागे घेतात. हवा दाबली की तापणारच, त्यात घर्षणाची भर. पंप आपोआप बंद पडला तर तो मेला असे समजून दुकानात धावू नये. सावलीत वीस मिनिटे ठेवावा.

आता मुळीच सुरू होत नसेल, तर आधी फ्यूज, मग चिमटे आणि बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी पाहावी. आवाज येतो पण हवा जात नाही, असे झाले तर नळीचे तोंड चाकाच्या व्हॉल्व्हवर नीट बसून आतली पिन दाबते की नाही ते पाहावे. तोंडातील रबरी वायसर झिजला की निम्मी हवा बाहेरच फुसफुसते. काटा एका जागी अडला, तर नळीचे तोंड बंद करून क्षणभर पंप चालवावा. काटा झपाट्याने वर गेला तर पंप निर्दोष, चोर चाकात आहे. साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. तरीही काटा चढला नाही तर दट्ट्याचा वायसर किंवा डोक्यातील झडप गेली. आणि डिचोलीकरांनी हवा आत घेणारी जाळी विसरू नये. आमची तांबडी धूळ तिच्यात अशी बसते की पंपाला दमा जडतो. पंप चालू असताना त्याचा काटा फुगवून सांगतो, म्हणून थांबवून वाचावे. त्याहून बरे म्हणजे स्वतंत्र मापक जवळ ठेवावा. मोजणे सकाळी, चाके थंड असताना. रस्त्यावर तापलेल्या चाकाचा वाढलेला दाब पाहून हवा सोडणारे लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी तेच हवा कमी झाल्याची तक्रार करतात.

ज्यांच्याकडे घरच्या विजेवर चालणारा टाकीचा कॉम्प्रेसर आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या कोकणपट्टीची आहे. तीस अंश उष्णतेच्या पुरेपूर दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. दाबल्यावर ती हवा थंड झाली की त्यातले बहुतेक पाणी टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात रोज काम संपल्यावर खालची तोटी उघडून ते काढावे. न काढल्यास टाकी आतून गंजते. आणि बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे कोणाला त्याची वार्ताही नसते.

माझा एक जुना विद्यार्थी टायरच्या दुकानात कामाला होता. ट्रकच्या आणि काही ट्रॉल्यांच्या चाकांना सुटी लोखंडी कडी असते. ती खाचेत बसून टायर धरून ठेवते. एके दिवशी कडी पुरती बसली नव्हती आणि हा तिच्यावर वाकून हवा भरीत होता. कडी उडाली. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटे गेली. वर्गात त्याचे अक्षर सर्वांत सुंदर होते. तो आता डाव्या हाताने पावती लिहितो, कारण त्याने स्वतःचे दुकान काढले आहे. ज्या चाकाला कडी आहे ते घरी भरू नये, असे तो मला पुनःपुन्हा सांगतो. खोलण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडावी. भरताना चाक पिंजऱ्यात असावे किंवा साखळीने बांधावे. हवेविना बरेच अंतर चाललेला टायर तसाच फुगवू नये. त्याची कूस आतून तुटलेली असते आणि ती फुटते तेव्हा सूचना देत नाही.

गेल्या वर्षी भावाने दोन सिलिंडरांचा, बॅटरीला लावायचा पंप घेतला. आमच्या ट्रॉलीच्या चाकांना कडी नाही, तरी तो पंप दाखवावयास आम्ही याच मुलाकडे नेला. त्याने चिमटे पाहिले, जाळी पाहिली. मग नळी जमिनीवर पसरून चाकापासून पावलांनी मोजली. "सर, भरताना तुम्ही इथे उभे राहायचे, चाकाच्या बाजूला नाही," तो म्हणाला, आणि आणखी दहा फूट नळी कापून त्याने आपल्या हाताने जोडून दिली.