पिकअप गाडी सेल्फ घेत नाही : कारण कसे शोधावे?



भाजीपाला, फुले, दूध हा नाशवंत माल. तो पहाटेच्या बाजाराला वेळेवर पोचला नाही तर भाव हातचा जातो. जुनी डिझेल पिकअप नेमकी अशाच वेळी चावी फिरवूनही गप्प बसते. बॅटरी गेली असे समजून पुष्कळ जण नवी बॅटरी आणतात. दोष अर्थिंगच्या पट्टीत असेल तर चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे. पिकावरचा रोग ओळखल्याशिवाय आपण फवारणी करीत नाही, तसेच येथेही आधी निदान, मग खर्च.

सेल्फ कसा चालतो?

चावी फिरवली की बारीक तारेतून सोलेनॉइडला वीज मिळते. तो सेल्फचे पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि आतील तांब्याचे संपर्क जोडून मोटारीला बॅटरीचा मोठा प्रवाह देतो. हा प्रवाह शेकडो अँपिअर असतो. तो इंजिनाच्या धातूतून, अर्थिंगच्या पट्टीने बॅटरीकडे परत जातो. या वाटेवर कोठेही गंज चढला किंवा नट सैल झाला की सेल्फ फिरत नाही.

तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रल करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ फिरवण्याची सवय घातक आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते.

दिव्यांची परीक्षा

पुढचे दिवे लावा आणि दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. दिव्यांकडे पाहा व आवाज ऐका.

१) दिवे मंद होतात व कटकट-कटकट आवाज येतो : बॅटरी उतरली आहे.

२) दिवे एकदम विझतात : बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहे.

३) दिवे प्रखर राहतात, आवाज काहीच नाही : फ्यूज, चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक तार पाहा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तेथील स्विचही तपासा.

४) दिवे प्रखर राहतात, एकच ‘टक्’ आवाज येतो : सोलेनॉइडचे संपर्क जळाले, मोटारीचे कार्बन झिजले किंवा इंजिनाचे अर्थिंग तुटले.

५) दिवे खूप मंद होतात, एकच ‘टक्’ येतो आणि बॅटरी चांगली आहे : मोटार आतून अडकली किंवा इंजिन जाम झाले.

६) सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन फिरत नाही : पिनियनचा क्लच घसरतो किंवा रिंगचे दाते झिजले आहेत.

बॅटरी व अर्थिंग

साधा मल्टीमीटर प्रत्येक गाडीवाल्याने जवळ ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण भारित बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे साधारण निम्मी बॅटरी. चावी फिरवताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी भारित करून पुन्हा तपासावी. तरीही तसेच झाले तर बॅटरी दुबळी समजावी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. ते येत नसतील तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवी बॅटरीही उतरेल.

अर्थिंग तपासताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर पट्टी किंवा तिची जोडणी खराब आहे. अर्थिंग तुटले की प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो व ती केबल गरम होते. ही खूण लक्षात ठेवा.

टर्मिनल काढताना आधी ऋण, बसवताना शेवटी ऋण. साचलेली भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी. ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नये. नंतर टर्मिनल घासून घट्ट बसवावे व वरून व्हॅसलिन लावावे.

सोलेनॉइड की मोटार?

सोलेनॉइडला दोन जाड बोल्ट असतात. एकावर बॅटरीची केबल येते, दुसऱ्यावरून मोटारीला वीज जाते. मीटरचे ऋण टोक सेल्फच्या अंगावर धरून चावी फिरवताना दोन्ही बोल्ट तपासा. ‘टक्’ आवाज येऊनही पहिल्यावर वीज आणि दुसऱ्यावर नाही, तर संपर्क जळाले आहेत. दुसऱ्यावरही दहा-बारा व्होल्ट येऊन मोटार फिरत नसेल तर कार्बन पाहावेत. लाकडी दांड्याने सेल्फला हलके ठोकल्यावर तो फिरला तर बहुधा कार्बनच झिजले आहेत. ही सोय एका खेपेपुरती आहे. कार्बन, संपर्क आणि बुश बदलून मिळतात, त्यासाठी दरवेळी पूर्ण सेल्फ नवा घेण्याची गरज नसते.

इंजिन जाम आहे का, हे पाहण्यासाठी सपाट जागी चावी काढून, दगड बाजूला करून, हँडब्रेक सोडावा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ढकलावी. इंजिन जरासुद्धा हलले नाही तर धक्का स्टार्ट करू नये. गाडी पुराच्या पाण्यातून आली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकते. जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढावे लागते.

निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत इंजिनातील तेल घट्ट होते आणि बॅटरीची ताकदही घटते. म्हणून तपासणी दिवाळीच्या सुमारासच उरकावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये, मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबावे. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, विहिरीचे नको.

बंधू-भगिनींनो, गॅरेजमध्ये गेल्यावर ‘सेल्फ गेला’ एवढेच सांगू नका. दिवे कसे वागले, आवाज कसा आला, मीटरवर आकडा किती आला, हे सांगा. मिस्त्रीचा वेळ वाचेल, तुमचा पैसा वाचेल आणि माल वेळेवर बाजारात पोचेल.