विलायतेतील १९२६ साल



या व्यासपीठावरून बहुधा विद्वान मंडळी बोलतात. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे धडे कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात गिरवले. इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आम्ही संप पुकारले आहेत आणि मागेही घेतले आहेत. म्हणून आज ब्रिटनच्या १९२६ सालाची हकिकत सांगतो.

तिची सुरुवात कोळशाच्या खाणीत नाही, तर सरकारी तिजोरीत झाली. १९२५ च्या एप्रिलात अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंड पुन्हा सोन्याशी जोडला, आणि तोही महायुद्धापूर्वीच्या भावाने. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजी कोळसा महाग पडू लागला. जर्मनीचा कोळसाही बाजारात परतला होता. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तेव्हाच इशारा दिला, की या निर्णयाचा भार मजुरीवर पडणार. तसेच झाले. खाणमालक म्हणाले : मजुरी कमी घ्या आणि तास जास्त भरा.

३१ जुलै १९२५ रोजी इतर संघटना खाणकामगारांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, तेव्हा पंतप्रधान बाल्डविन यांनी नऊ महिन्यांपुरते अनुदान देऊन वेळ मारून नेली. कामगारांनी विजयोत्सव केला. सरकारने मात्र ते नऊ महिने वाया घालवले नाहीत. देशाचे विभाग पाडले, त्यांवर अधिकारी नेमले, धान्य व इंधन वाहून नेण्याची व्यवस्था लावली. कामगारांच्या मध्यवर्ती मंडळाने मात्र खरी तयारी आरंभली ती अगदी अखेरच्या दिवसांत. मार्च १९२६ मध्ये सर हर्बर्ट सॅम्युएल यांच्या आयोगाचा अहवाल आला. खाणींची पुनर्रचना करा, तास वाढवू नका, पण तूर्त मजुरी कमी करा, असा त्याचा सल्ला होता. तो ना मालकांना रुचला, ना मजुरांना. अनुदान संपले आणि दहा लाखांच्या आसपास खाणकामगारांवर टाळेबंदी आली.

३ मेच्या मध्यरात्री सार्वत्रिक संप सुरू झाला. रेल्वे, ट्राम, गोदी, छापखाने बंद पडले. खाणकामगार धरून पंधरा लाखांहून अधिक माणसे कामाबाहेर होती. वर्तमानपत्रे अडली, तेव्हा सरकारने स्वतःचे पत्र काढले, त्याची सूत्रे चर्चिल यांच्याकडे. कामगारांनीही आपले पत्र काढले. कॉलेजातले तरुण हौसेने बसगाड्या हाकू लागले. काही ठिकाणी दंगली झाल्या, तर प्लिमथला संपकरी आणि पोलीस यांच्यात फुटबॉलचा सामना रंगला.

नऊ दिवस हे चालले. संप अजून फुटला नव्हता. पण संप राज्यघटनेवरचा हल्ला ठरवला जात होता, आणि पुढाऱ्यांना स्वतःच्याच शक्तीची धास्ती वाटू लागली. सॅम्युएल यांनी तडजोडीचे एक टिपण तयार केले. सरकारच्या वतीने आपण बोलत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. तरी त्या टिपणावर विसंबून, खाणकामगारांनी ते नाकारले असतानाही, पुढारी १२ मे रोजी पंतप्रधानांच्या घरी गेले आणि त्यांनी संप मागे घेतला. संपकऱ्यांना पुन्हा कामावर घेणार ना, असे अर्नेस्ट बेव्हिन यांनी तिथे विचारले. ठाम हमी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी लोक फाटकावर गेले, तेव्हा अनेक ठिकाणी मालकांनी नव्या अटी पुढे केल्या.

मंडळी, हे पान वाचताना आमचा हात थबकतो. तरुणपणी आम्हीही एका कारखान्यातला संप तोंडी शब्दावर मागे घेतला होता. सगळ्यांना घेऊ, असे आम्हाला सांगण्यात आले. अकरा माणसे फाटकाबाहेर राहिली. त्यांतल्या एकाची बायको आमच्या दारी येऊन एवढेच म्हणाली, "अण्णा, कागद कुठाय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

खाणकामगार मात्र एकटे झुंजत राहिले. उन्हाळा गेला, पानगळ आली. नॉटिंगहॅमशायरमध्ये फूट पडून वेगळी संघटना निघाली. नोव्हेंबरअखेर उपासमारीने ते कामावर परतले : बहुतेक ठिकाणी मजुरी कमी आणि तास सातांऐवजी आठ.

आता आपल्याकडचा धागा. त्याच १९२६ च्या मार्चमध्ये हिंदुस्थानात कामगार संघटनांचा कायदा मंजूर झाला. ना. म. जोशी यांनी त्याचा पाठपुरावा १९२१ पासून केला होता. संघटना बांधणे म्हणजे कट नव्हे, हे त्यामुळे कायद्याने मान्य झाले. तो १ जून १९२७ रोजी अमलात आला; आणि त्याच सुमारास लंडनच्या पार्लमेंटात सहानुभूतीचे संप बेकायदा ठरवणारा कायदा होत होता. तो रद्द व्हायला १९४६ साल उजाडले. १९४७ च्या पहिल्या दिवशी खाणी राष्ट्राच्या झाल्या. पण १९२६ चे कितीतरी मजूर तो दिवस पाहायला उरले नव्हते.

या वर्षातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. नऊ महिन्यांची सवलत मिळाली, तर ती तयारीसाठी मिळाली असे समजावे. आणि संप सुरू करण्यापूर्वी तो कसा थांबवायचा हे ठरवावे. थांबवताना शेवटच्या माणसाचे नाव कागदावर आहे की नाही, ते पाहावे. सही त्यानंतर करावी.