आधी घर तपासावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे पूर्वजांचे स्मरण करावयाचे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. ज्या नगरीत अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, ज्या नगरीत जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी 'आज' दैनिकाच्या द्वारे हिंदी पत्रकारितेस वळण लावले, तेथे गौरवाच्या गोष्टींना तोटा नाही. परंतु आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते एका चुकीची कबुली देण्यासाठी. ती चूक याच महोत्सवाच्या तयारीत आमच्या हातून घडली.

महोत्सवापूर्वी सभागृहास नवा रंग द्यावा, असे ठरले. वास्तू जुनी, दारे-खिडक्या सागवानी, त्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर. रंगारी मंडळी पत्रा आणि पॉलिश पेपर घेऊन ते थर कोरडेच खरवडू लागली. शेजारच्या खोलीत आपला बालवर्ग नेहमीप्रमाणे भरत होता. चौथ्या दिवशी नातवास न्यावयास आलेल्या एका आजींनी सतरंजीवरून हात फिरविला आणि धुळीने माखलेला तळहात आमच्यापुढे धरला. "मुलं इथंच बसून डबा खातात ना?" एवढेच त्यांनी विचारले. त्या धुळीत काय आहे, हे आमच्यापैकी कोणासही सांगता आले नाही.

काम त्याच दिवशी थांबविले. मुलांस दुसरीकडे हलविले, खोली ओल्या फडक्याने पुन:पुन्हा पुसून घेतली, आणि मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घ्यावे असे पालकांस सांगितले. ते अहवाल ज्या त्या कुटुंबाचे आहेत. सभेत सांगण्याचा तो विषय नव्हे. पण त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सभेतच द्यावयास हवे.

शिशाची संयुगे रंगास तेज आणि टिकाऊपणा आणतात, तो लवकर वाळवितात. म्हणून ती पूर्वी सर्रास वापरली जात. रंग धड आहे तोवर धोका थोडा असतो. तो पोपडे धरू लागला किंवा खरवडला, की त्याची धूळ होते. ती जमिनीवर बसते, जमिनीवरून रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. वाढत्या मेंदूस त्यामुळे जी इजा होते, ती बहुधा बाहेरून दिसत नाही; ना ताप, ना पुरळ. केवळ आकलन थोडे मंदावते, लक्ष थोडे ढळते. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे ज्ञान नवे नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली मुलांच्या विषबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्याच्या रंगविलेल्या कठड्यांत असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. मात्र नियम नव्या डब्यास लागू होतो; जुन्या दारावरील थरास नव्हे. पक्क्या महालातील आपल्या वाड्यांची दारे त्यापूर्वी कितीदा तरी रंगविली गेली आहेत.

कोणी म्हणेल, रक्त तपासू, औषध देऊ. शिसे फार वाढले असता औषध द्यावेच लागते, आणि त्याने प्राणही वाचतात. परंतु अमेरिकेत ७८० बालकांवर केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की मध्यम प्रमाणात शिसे असलेल्या मुलांच्या रक्तातील शिसे औषधाने उतरले, तरी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्यांत त्याचा लाभ आढळला नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे : आधी घर तपासावे. घराचा दोष मुलाच्या रक्तातून कळावा, ही व्यवस्थापनाची रीत नव्हे.

घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत. आपल्या भगिनींच्या हळदीकुंकवाच्या तबकाकडे पाहा. हळकुंडांस पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळले जाते. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने तपासले असता सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे प्रमाणाबाहेर आढळले, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या शेजारच्या पाटण्यातील काही नमुने अत्यंत दूषित होते. कुंकवाचेही तसेच. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार यांचे कुंकू आपल्या आज्या जाणत होत्या. बाजारातील प्रत्येक लाल पूड तशी असतेच असे नाही. आणि ज्यास आपण शेंदूर म्हणतो, तो म्हणजे मुळात शिशाचेच संयुग. तो देवाच्या अंगावर राहू द्या. बाळाच्या कपाळी नको.

हे सारे ऐकून घाबरून जावे, असा आमचा हेतू नाही. कार्यक्रम नीट चालविला तर काय साधते, याचे उदाहरण बांगलादेशाने घालून दिले आहे. तेथे हळदीतील भेसळ उघड होताच अन्नसुरक्षा खात्याने घाऊक बाजारावर धाडी घातल्या, दंड केले, वृत्तपत्रांतून इशारे दिले, आणि मुख्य म्हणजे बाजारातील हळद पुन्हा तपासली. २०१९ साली ४७ टक्के नमुने दूषित होते. २०२१ साली एकही निघाला नाही. मूळ शोधणे, ते बंद करणे आणि पुन्हा मोजून पाहणे, असे हे तीन टप्पे. तिसऱ्याचाच विसर फार पडतो.

उज्ज्वला योजनेचेच पाहा. १ मे २०१६ रोजी आपल्या पूर्वांचलातील बलिया येथे ती सुरू झाली आणि आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये मराठवाड्यात, औरंगाबादेस दिली गेली. काम मोठेच. तरीही पहिले सिलिंडर संपल्यावर दुसरे आणणे परवडले नाही, तर चूल पुन्हा पेटते आणि धूर मुलाच्या छातीत जातो. म्हणून जोडण्या मोजून भागत नाही. धूर गेला की नाही, हे पाहावे लागते.

आता आपल्या मंडळापुरते. आरोग्य समितीने काही गोष्टी ठरविल्या आहेत आणि त्यांस या सभेची संमती हवी आहे. जुना रंग यापुढे कोरडा खरवडला जाणार नाही, जाळून तर मुळीच काढला जाणार नाही. तो धड असेल तर त्यावरच नवा हात द्यावा. काढणे भागच असेल तर पाण्याने भिजवून, खाली प्लॅस्टिक अंथरून काढावा, आणि काम संपून ओली सफाई होईपर्यंत मुलांनी व गर्भवती स्त्रियांनी तेथे पाऊल टाकू नये. रंगारी बांधवांस मुखपट्टी द्यावी; त्यांच्या कपड्यांवरची धूळ त्यांच्याही मुलांच्या घरी जात असते. डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा. मंडळाच्या कार्यक्रमांस हळद अखंड हळकुंडांची, फार चमक नसलेली निवडून दळून आणावी. आणि चमक नाही म्हणजे शिसे नाही असे न मानता तिचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. बालवर्गात डब्यापूर्वी हात धुणे सक्तीचे राहील. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असलेल्या मुलाच्या शरीरात शिसे कमी शोषले जाते. तेव्हा डब्यात पालेभाजी आणि दूध-दही असावे, हे मातांस सांगणे नलगे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या घरी लहान मूल आहे अशा प्रत्येक सभासदाकडे समितीचे दोन सदस्य वर्षातून एकदा जातील. दारांचे पोपडे, स्वयंपाकघरातील धूर आणि मसाल्यांचे डबे पाहतील, आणि पुढील वर्षी काय बदलले ते पुन्हा पाहतील. जाणारे पाहुणे म्हणून जातील, निरीक्षक म्हणून नव्हे. आपण त्यांस चहा द्यावा आणि खरे सांगावे.

परमुलखात आपण पन्नास वर्षे एकमेकांची घरे सांभाळली. आजारात, लग्नकार्यात, मरणदारी. तोच शेजारधर्म आता जरा बारकाईने पाळावयाचा आहे. त्या आजींनी सतरंजीवरून हात फिरविला नसता, तर आम्ही रंगलेल्या सभागृहाचे कौतुक करीत बसलो असतो. त्यांचे ऋण आम्ही येथे जाहीरपणे मान्य करतो, आणि शतकमहोत्सवास या बालवर्गातील मुले याच व्यासपीठावर तल्लख बुद्धीने बोलावयास उभी राहोत, अशी विश्वेश्वरचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.