शिक्षिकांना आपल्या कामात घेताना

मी बंगळूरच्या बसवनगुडीतून बोलतेय. माहेर बेळगावचं, सासर इथलं. अकरा वर्षं मी इथल्या एका खासगी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली आणि घरातून मुलांची पुस्तकं आणि शैक्षणिक खेळ विकायला लागले. दुकान नाही, पाटी नाही. कुणाच्या तरी घरी पाच-सहा जणी जमायच्या, मी पेटी उघडायची, खेळ मांडायचे, मुलांना खेळू द्यायचं आणि मग ऑर्डर लिहून घ्यायची. याला डायरेक्ट सेलिंग म्हणतात आणि असं काम करणारीला कंपन्या 'कन्सल्टंट' म्हणतात.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारला होता: "ताई, आमच्या ओळखीत शिक्षिका खूप आहेत. त्यांना टीममध्ये कसं घ्यायचं?" कसं घ्यायचं ते सांगते. पण त्याआधी मी ते कसं चुकीचं केलं, ते सांगते.

या कामात सगळ्यांना शिक्षिकाच का हव्या असतात? कारणं सरळ आहेत. चार लोकांसमोर बोलायची सवय असते. अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते. कुठल्या वयाच्या मुलाला काय जमेल, हे त्यांना पुस्तक न उघडता कळतं. दुपारनंतर थोडा वेळ असतो, मे महिना असतो. आणि खासगी शाळांतले पगार किती असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण सगळ्यात मोठं कारण आपण मोठ्यानं बोलत नाही. शिक्षिकेवर लोकांचा विश्वास असतो. तो तिनं वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून मिळवलेला असतो, आणि आपली पेटी त्या विश्वासावर विकली जाते. म्हणून जपून.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकात ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी टपरवेअरचे डबे घरगुती जमावांतून विकायची पद्धत वाढवली. 1954 मध्ये 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि 1958 मध्ये त्याच कंपनीनं त्यांना काढून टाकलं. टपरवेअर भारतात 1996 मध्ये आलं. आपल्याकडे त्याही आधीपासून गावोगावचे गुरुजी बायकोच्या नावावर एलआयसीची एजन्सी चालवायचेच. तुमच्याही घरात एखादी पॉलिसी अशा गुरुजींकडूनच आली असेल.

आता माझी गोष्ट.

पहिल्या वर्षात मी नऊ जणींना जोडलं. त्यातल्या सात शिक्षिका. मला फार अभिमान होता. त्यातली एक माझ्याच जुन्या शाळेतली, माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवणारी. आम्ही एका डब्यात जेवलेल्या. मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. चाळीस घरं तुला ओळखतात. तुला कुठं हिंडायलाच नको." हे वाक्य माझं आहे, तिचं नाही. म्हणून सांगतेय.

तिनं तसंच केलं. पालकसभा संपल्यावर आयांना थांबवून पुस्तकांचा संच दाखवला. आठ जणींनी घेतला. त्यातली एक आई घरी ब्लाउज शिवायची. तिनं 3,600 रुपयांचा संच दोन हप्त्यांत घेतला. दुसऱ्या हप्त्याला तिला जमेना, तेव्हा तिनं मुलीला दोन दिवस शाळेतच पाठवलं नाही. का, तर मिस विचारतील. गोष्ट मुख्याध्यापिकेपर्यंत गेली. माझ्या मैत्रिणीला बोलावणं आलं, वर्ग काढून घेतला आणि वर्ष संपताना तिनं राजीनामा दिला.

मी त्या आईकडे गेले. ती काय म्हणाली ते मला पाठ आहे. "मिसनी सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? माझी मुलगी त्यांच्या हाताखाली आहे." मी संच परत घेतला, भरलेले पैसे दिले. घरी येऊन वही उघडली. त्या विक्रीवर मला वरचं कमिशन मिळालं होतं तीन टक्के. 3,600 चे तीन टक्के म्हणजे 108 रुपये. मैत्रिणीची नोकरी आणि एका लहान मुलीचे शाळेचे दोन दिवस, आणि माझ्या हातात 108 रुपये. मैत्रीण दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. आता बोलतो आम्ही, पण एका डब्यात जेवत नाही.

दुसरा धडा मला एका निवृत्त गणिताच्या बाईंनी दिला. गांधी बझारच्या मागच्या गल्लीत राहतात. घर मराठी, पण पिढ्यानपिढ्या इथलंच, त्यामुळे बोलण्यात अर्धं कन्नड. मी त्यांच्याकडे मोठ्या उत्साहानं गेले आणि कंपनीच्या सभेत शिकवलेलं चित्र काढून दाखवलं. तुम्ही पाच जणींना आणा, त्या प्रत्येकी पाच आणतील, त्या पुढे पाच.

बाईंनी चष्मा लावला, विजेच्या बिलाची मागची बाजू घेतली आणि लिहायला लागल्या. पाच, पंचवीस, सव्वाशे, सहाशे पंचवीस. मी चहा पीत होते. नवव्या पायरीला 19,53,125 आले. दहाव्या पायरीला 97,65,625. मग म्हणाल्या, "2011 च्या जनगणनेला बंगळूर शहरात चौऱ्याऐंशी लाख माणसं होती. तान्ही बाळं धरून. तुझ्या दहाव्या पायरीला सगळं गाव कन्सल्टंट झालं, तरी माणसं कमीच पडतात. मग पुस्तकं घेणार कोण गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः मुलांना पाढे शिकवले होते आणि एवढा गुणाकार कधी केला नव्हता. पण बाईंनी मला हाकललं नाही. म्हणाल्या, "पुस्तकं चांगली आहेत. मी विकायला येईन. माणसं जोडायला येणार नाही." आज माझ्या टीममध्ये सगळ्यात जास्त विक्री त्यांची आहे. त्यांच्या हाताखाली आता एकही विद्यार्थी नाही, त्यामुळे त्यांना 'नाही' म्हणायला कुणालाच भीती वाटत नाही.

आमच्या भागात गोखल्यांच्या नावाची एक संस्था आहे, गोखले सार्वजनिक विचार संस्था. डी. व्ही. गुंडप्पांनी 1945 मध्ये काढलेली. हे आपले गोपाळ कृष्ण गोखले, फर्ग्युसनमधले प्राध्यापक, ज्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून वापरलं गेलं. तिथून जाताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये निघाली आणि काही वर्षांतच तिथल्या शिक्षकांत वाद लागला. आजीव सदस्यांनी बाहेरची कामं घ्यावीत का, बाहेरून कमाई करावी का? टिळकांचं मत कडक होतं: सगळा वेळ संस्थेलाच द्यायचा. गोखल्यांची आणि इतरांची बाजू वेगळी होती. इतरही मतभेद होते, पण हा मोठा होता, आणि 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे शिक्षकानं शाळेबाहेर कमवावं का, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. माझं मत असं: कमवावं, पण वर्गाच्या दाराबाहेर.

आता कामाचं बोलू. शिक्षिकेला टीममध्ये घेण्याआधी मी काय करते, ते एकेक सांगते.

पहिलं, तिची नोकरी कुठली आहे ते विचारा. सरकारी नोकरीत असेल तर तिथंच थांबा. महाराष्ट्रात 1979 चे नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत, केंद्राचे 1964 चे आहेत. परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. एवढंच नाही, घरच्या माणसाच्या नावावरच्या एजन्सीसाठी आपण प्रचार केला, तरी तो नियमभंग धरला जातो. तेव्हा "नवऱ्याच्या नावावर करू या" ही युक्ती कुणालाही शिकवू नका. खासगी शाळेत असेल तर नेमणुकीचं पत्र काढायला सांगा, वाचायला सांगा, आणि शाळेची लेखी परवानगी घ्यायला सांगा. तोंडी परवानगीला वेळ आल्यावर काही किंमत राहत नाही. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमानुसार शिक्षकांना खासगी शिकवण्यांची बंदी आहे, म्हणून "खेळ घ्या, मी त्यावर शिकवणीही देईन" असली जोडणी करू नका.

दुसरं, स्वतःचा वर्ग, स्वतःची शाळा, त्या मुलांचे पालक, शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप, हे सगळं बंद. अगदी कुणी आपणहून मागितलं तरी टीममधल्या दुसरीकडे पाठवायचं. मी ही अट पहिल्याच भेटीत सांगते. ही अट ऐकून जी मागे हटते, तिचा सगळा हिशोब वर्गावरच होता, असं समजायचं.

तिसरं, कायदा माहीत हवा. 2021 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले. त्यात पिरॅमिड योजनेला बंदी आहे, म्हणजे नुसती माणसं भरती करण्यावर पैसे देणं चालत नाही. कंपनीनं विक्रेत्याशी लेखी करार केला पाहिजे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. "आणखी दोन गिऱ्हाईकं आणा, तुमचे पैसे वसूल होतील" असं सांगून माल विकायचा नाही. पैसे फिरवायच्या योजनांवर तर 1978 पासूनच बंदीचा कायदा आहे. कुणी सामील व्हायलाच पैसे मागत असेल, किंवा आधी पन्नास हजारांचा माल घरात भरा म्हणत असेल, तर पर्स उचला आणि घरी या.

चौथं, वही दाखवा. कंपनीच्या पुस्तिकेतला गाडीचा फोटो नको, आपली वही. मी नव्या बाईला माझ्या एका साध्या महिन्याचं पान दाखवते. चार जमाव, विक्री 14,500. वीस टक्क्यांनी कमिशन 2,900. त्यातून रिक्षा 640, चहा-खाणं 480, फोन आणि छपाई 210, एक खेळ मुलांनी मोडला तो 350. खर्च 1,680. हातात 1,220. वेळ गेला एकतीस तास. भागाकार करा. तासाला चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. दिवाळीच्या आधी आणि सुट्टी लागताना महिने बरे जातात, पण निर्णय या पानावर घ्यायचा. हे पान बघून माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणी परत जातात. जाऊ द्या. उरलेल्या तिघी टिकतात, कारण त्यांना काय मिळणार ते आधीच माहीत असतं.

पाचवं, शिक्षिकेला आधी महिनाभर वस्तू वापरू द्या. पेटी घरी न्या म्हणते मी, आपल्या मुलांना, भाच्यांना द्या, महिन्यानं सांगा काय चाललं, काय नाही. शिक्षिका खोटं विकत नाही. तिला जो खेळ आवडला नाही, तो ती दाखवतच नाही, आणि म्हणूनच तिच्याकडून घेतलेला माल परत येत नाही. एका बाईंनी मला सांगितलं की अमुक खेळातले तुकडे तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाण्याएवढे लहान आहेत. मी त्या वयाच्या घरांत तो विकणं थांबवलं. असं कन्सल्टंटनं सांगितलं तर कंपनीला आवडेलच असं नाही. तुम्हाला आवडलं पाहिजे.

आणि शेवटचं. सोडून जायचं असेल तर सहज जाता आलं पाहिजे. "इतक्यात हार मानलीस?" असं म्हणायचं नाही. परीक्षा आल्या, सासूबाई आजारी पडल्या, कंटाळा आला, काहीही कारण चालेल. उरलेली पेटी परत घ्यायची आणि चहा पाजायचा.

आमच्या इथे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवण्णाच्या देवळाजवळ शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिशे. रस्ताभर शेंगांचे ढीग असतात. तुम्ही ढिगापुढे उभ्या राहिलात की बाई आधी दोन शेंगा फोडून तुमच्या हातावर ठेवते. खाऊन बघा, आवडलं तर घ्या, नाही तर पुढच्या ढिगाकडे जा. तुम्ही पुढे गेलात म्हणून ती रागवत नाही, आणि तिच्या हातात तुमच्या मुलीचं प्रगतिपुस्तक नसतं.

गिऱ्हाइकाला असं निघून जाता आलं पाहिजे. एखाद्या शिक्षिकेला आपल्या कामात घ्याल तेव्हा आधी एवढंच तपासा: तिच्या समोर बसलेली बाई न घाबरता 'नको' म्हणू शकेल का? उत्तर हो असेल तर पुढचं सगळं शिकवता येतं. नसेल, तर तिला घेऊ नका. माझ्यासारखी वही उघडायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

पुढच्या भागात हिशोबाची वही कशी ठेवायची ते बघू. तोवर तुमच्या मागच्या महिन्याचे तास मोजून ठेवा. नमस्कार.